मॅकग्रेगर: कायद्याने पुसलेलं आडनाव

मंडळी, स्कॉटिश आडनावातलं ‘मॅक’ म्हणजे मुलगा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरचा मुलगा. गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत मुलीला मात्र ‘मॅक’ नव्हे, ‘निक’ लागतं. इंग्रजी दप्तरात शिरताना हा भेद गळाला आणि लेकीसुद्धा कागदोपत्री ‘मुलगे’ ठरल्या. आणखी एक पक्का गैरसमज म्हणजे एम-ए-सी लिहिलं की स्कॉटिश आणि नुसतं एम-सी लिहिलं की आयरिश. तसं काही नाही. लिहिणाऱ्याचा हात आखडता होता, इतकंच. एकाच माणसाचं नाव बाप्तिस्म्याच्या नोंदीत एका तऱ्हेने आणि लग्नाच्या नोंदीत दुसऱ्या तऱ्हेने सापडतं.

या घराण्याची मूळ भूमी ग्लेनऑर्की आणि ग्लेनस्ट्रेची खोरी. जमिनीचा कागद पुढे कॅम्पबेल या दुसऱ्या घराण्याच्या हाती गेला आणि कसणारे मॅकग्रेगर आपल्याच खोऱ्यात कुळं झाले. पुढच्या लुटालुटीचं मूळ मला तरी इथेच दिसतं. फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रुइनला त्यांनी कोल्हून घराण्याची शंभराहून जास्त माणसं कापली. ३ एप्रिलला राजाच्या मंडळाने ‘मॅकग्रेगर’ हे नावच रद्द केलं. लावाल तर देहदंड! राजा सहावा जेम्स इंग्लंडचं तख्त घ्यायला निघाला तो त्यानंतर दोनच दिवसांनी. घराण्याचा प्रमुख अलास्टर जानेवारी १६०४ मध्ये एडिंबरोत फासावर गेला.

बंदी १६६१ मध्ये उठली, १६९३ मध्ये पुन्हा लागली आणि १७७४ मध्ये कायमची संपली. १६०३ धरून ही चार सालं लिहून घ्या, मॅकग्रेगर पूर्वज शोधण्याचं सगळं गणित यांवर आहे. याच घराण्यातल्या प्रसिद्ध रॉब रॉयचंच बघा. त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद बुखॅनन पॅरिशमध्ये, म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीत, मार्च १६७१ ची, म्हणजे मोकळीक असतानाची. १६९३ नंतर तोच माणूस सही करतो ‘कॅम्पबेल’. ते त्याच्या आईचं माहेरचं आडनाव. बाकीच्यांनी ड्रमंड, मरी, ग्रॅहम, स्टुअर्ट, ग्रँट असं जवळच्या जमीनदाराचं किंवा आसरा देणाऱ्याचं नाव घेतलं. खुद्द प्रमुखपद ज्याला मिळालं तो बंगालमध्ये कंपनीची नोकरी केलेला जॉन मरी! ८२६ जणांनी सह्या करून त्याला प्रमुख मानलं. त्या घराण्याने मॅकग्रेगर हे नाव रीतसर परत घेतलं ते १८२२ मध्ये.

आता शोधायचं कसं? उलट्या दिशेने. स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून आहे, तिथून मागे चला. १८५५ सालचा जन्मदाखला हाती लागला तर नशीब समजा. त्यात आईबापांची वयं, जन्मगावं, लग्नाचा तपशील आणि आधीची भावंडंही असतात. लिहिणाऱ्यांना हे ओझं झेपलं नाही आणि पुढच्याच वर्षी रकाने कमी झाले. त्याआधीच्या नोंदी चर्चच्या जुन्या पॅरिश वह्यांत. संगणकावर शोधताना पूर्ण नाव टाकू नका. एम, तारका, जी-आर, तारका, जी, तारका, आर असं टाका (तारका म्हणजे तिथे कोणतीही अक्षरं चालतील), म्हणजे मॅकग्रेगर, मॅकग्रिगर असे सगळे अवतार एकदम येतील. आईचं नाव सोडू नका. स्कॉटिश नोंदींत विवाहितेचं माहेरचं आडनाव सहसा टिकलेलं असतं, आणि बापाचं आडनाव बदललं तरी त्या धाग्याने कुटुंब ओळखू येतं. ‘ड्रमंड उर्फ मॅकग्रेगर’ अशी नोंद मिळाली तर सोनंच.

फसगत होते ती अशी: १७४० ची एखादी मॅकग्रेगर नोंद मिळत नाही, म्हणून लोक वंश तिथेच खुंटला असं धरतात. किंवा उलट, आपण ड्रमंड आहोत म्हणजे मूळचे मॅकग्रेगरच, असं ठोकून देतात. बहुतेक ड्रमंड हे ड्रमंडच असतात. इथे वाय गुणसूत्राची चाचणी कामाला येते. ते बापाकडून मुलाकडेच जातं, म्हणून चाचणी त्याच आडनावाच्या पुरुषाची हवी; मधे एखादी लेक आली की धागा तुटला. आणि जुळलं नाही म्हणून घराण्याशी नातं नव्हतं असंही नाही. प्रमुखाच्या आश्रयाला आलेली परकी माणसंही त्याचंच नाव लावत.