मौजा, खसरा नंबर आणि दर

शिवमडका. नागपूरच्या वेशीवरचं गाव. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग इथूनच सुरू होतो. जवळच मिहान, विमानतळालगतचा मालवाहतूक आणि उद्योगांचा प्रकल्प. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव... ज्या खसरा नंबरांत, म्हणजे शेतांच्या सरकारी क्रमांकांत, कधी तूर आणि कापूस होता, तिथे आता कुंपणं आहेत.

भूसंपादनाचा खटला म्हटलं की वाटतं, शेतकरी जमीन द्यायलाच तयार नाही. बहुतेक फायलींत तो वाद नसतोच. सार्वजनिक प्रयोजन कोणतं, हे शासन ठरवतं. न्यायालय त्यात क्वचितच हात घालतं. भांडण उरतं दराचं.

आणि दर कुठल्या दिवसाचा? पैसे हातात पडले त्या दिवसाचा नाही. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यात कलम ४ ची अधिसूचना, म्हणजे जमीन घेणार असल्याची पहिली जाहीर सूचना; २०१३ च्या नव्या कायद्यात कलम ११ ची. ती निघाली त्या दिवशीचा बाजारभाव. पुढे बांधापलीकडच्या वावरात ले-आउट पडले, भाव कितीही चढला, तरी तो हिशेबात येत नाही.

हा बाजारभाव खरेदीखतांवरून काढतात. नव्या कायद्याप्रमाणे आसपासचे मागच्या तीन वर्षांतले व्यवहार घ्यायचे आणि त्यातल्या चढ्या दराच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी काढायची. गाव अडकतं ते इथेच. मुद्रांक शुल्क वाचवायला खतात रक्कम कमी लिहायची, बाकीची रोख द्यायची, ही जुनी सवय. तेच खत पुढे शेजाऱ्याच्या जमिनीची किंमत पाडतं. छोट्या प्लॉटचं चढं खत दाखवावं, तर मोठ्या जमिनीतून रस्ते-नाल्यांसाठी जागा सोडावी लागते म्हणून न्यायालय वजावट करतं, कित्येकदा एक तृतीयांश. संत्र्याची बाग असेल तर आणखी एक पेच. बागेच्या उत्पन्नावरून मूल्य काढलं, की जमिनीचे वेगळे आणि झाडांचे वेगळे पैसे मागता येत नाहीत.

निवाडा होतो, म्हणजे भूसंपादन अधिकारी रक्कम ठरवतो, आणि मोबदला मिळतो. जुन्या कायद्यात ही रक्कम निषेध नोंदवून घेतली असेल, तरच वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ खाली दाद मागता येत होती. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला मुदत सहा आठवडे. पावतीवरच्या एका ओळीवर एवढं अवलंबून असावं, हे मला आजही कठोर वाटतं. ज्यांनी दाद मागितलीच नाही, त्यांच्यासाठी १९८४ मध्ये कलम २८-अ आलं: त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला न्यायालयाने वाढ दिली, तर तीन महिन्यांत अर्ज करून आपणही ती मागायची.

या शहराने देशाला एक महत्त्वाचा निकालही दिला. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास जमिनी घ्यायचा, पण १८९४ च्या कायद्यातली बाजारभावावरची १५ टक्के दिलासा रक्कम, म्हणजे सोलेशियम, त्यात मिळत नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींपुढे गेलं. १९७२ मध्ये त्यांनी सांगितलं, जमीन दवाखान्यासाठी गेली की शाळेसाठी, मालकाला त्याने काय फरक पडतो? दोन कायदे, दोन मोबदले, हे समानतेच्या हक्काला धरून नाही. नागपूरकरांनी हे लक्षात ठेवायला हवं. १९८४ मध्ये सोलेशियम ३० टक्के झालं, २०१३ च्या कायद्यात १०० टक्के.

पण रक्कम वाढली, तरी वर्षं कमी झाली नाहीत. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची. नागपूर जिल्ह्यातली कुही तालुक्याची गावं त्या पाण्याखाली गेली. अशा प्रकल्पांच्या मोबदल्याची अपिलं सिव्हिल लाइन्समध्ये, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे येतात. कित्येक फायलींवर मूळ अर्जदाराच्या नावापुढे ‘मयत’ लिहिलेलं असतं आणि खाली वारसांची ओळ: एक-अ, एक-ब, एक-क. पेशीला येणाऱ्या या वारसांपैकी काहींनी ते वावर कधी पाहिलेलंच नसतं.