गाळावरचं पाखरांचं गाव : नांदूर-मधमेश्वर

[पहाट. धुक्यातून पाणी दिसू लागतं.]

निफाड तालुक्यातलं नांदूर-मधमेश्वर. इथं कादवा येऊन गोदावरीला मिळते. गावातली जुनी माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. संगमाखाली नदीवर आडवा उभा आहे तो इंग्रज अमदानीतला दगडी बंधारा. वय शंभराच्या पुढं.

एवढं पाणी बघितलं की पाहणारा म्हणतो, केवढं धरण! पण याला धरण म्हणायचं नाही. धरणात पावसाळ्याचं पाणी उन्हाळ्यासाठी राखून ठेवतात. बंधाऱ्याचं काम वेगळं. नदीची पातळी कालव्याच्या तोंडाइतकी चढवायची आणि पाणी बाजूला वळवायचं. साठा राहतो तो वर, दारणा आणि गंगापूर धरणांत. दारणा धरण १९१६ सालचं. आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटलं की तिथलं पाणी नदीनं इथवर येतं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी निफाड, कोपरगाव, राहात्याच्या शिवारात जातं. अलीकडच्या जलद कालव्यानं ते मराठवाड्यातल्या वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांकडंही वळवलं आहे.

[बंधाऱ्याची भिंत. पावसाळ्यातलं गढूळ पाणी.]

आता हे पाणी नीट बघा. रंग चहाचा. सह्याद्रीच्या उतारावरची आणि शेतांमधली माती त्यात मिसळलेली आहे. नदी धावत असते तोवर माती तिच्यासोबत धावते. बंधाऱ्यामागं आली की नदीचा वेग मोडतो आणि माती खाली बसते. आधी जड वाळू, तीही वरच्या अंगाला. मग पोयटा. सगळ्यात शेवटी, भिंतीजवळ, लोण्यासारखा मऊ गाळ. पूर ओसरतो, थर राहतो. पुढच्या वर्षी त्यावर दुसरा थर चढतो. थर पाण्याच्या वर डोकावू लागले की त्यावर पाणकणीस उगवतं, त्याच्या मुळ्या माती धरून ठेवतात आणि पुढच्या पुराला तिथंच आणखी गाळ अडतो. अशी बेटं तयार झाली.

पाटबंधाऱ्याच्या हिशोबात हे नुकसानच आहे. जितका गाळ, तितकी पाण्याची जागा कमी. पाखरांना मात्र याच उथळ पाण्यानं घर दिलं.

[जानेवारी. चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावरून.]

किती खोल पाण्यात कोण आहे ते बघत चला. काठाला चिखल आणि चार बोटं पाणी, तिथं शेकाट्या. गुलाबी पाय काडीसारखे लांब. त्याच्या पुढं, गुडघाभर पाण्यात, चमचा. चोच अर्धी उघडी ठेवून तो मान डावी-उजवी फिरवत चालतो. चोचीच्या चपट्या टोकाला मासा किंवा किडा लागला की चोच मिटते. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडा, स्पर्शाचा जास्त. चित्रबलाकाचीही रीत हीच.

आणखी पुढं बदकं. शेपूट वर, डोकं खाली. तलवार बदकाची मान लांब, म्हणून त्याला तळाचं बी थोड्या जास्त खोलीवरही मिळतं. थापट्याची चोच फावड्यासारखी. तो वरचं पाणीच गाळून खातो. लालसरी बुडी मारणारी, म्हणून ती मधल्या खोल पाण्यात. पातळी हातभर वर-खाली झाली तरी ही सगळी पंगत उठते. पाणी चढलं की शेकाट्याचा चिखल बुडतो, उतरलं की लालसरीची बुडी तळाला टेकते.

[जवळून : वारकरी.]

काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. मराठीनं याला वारकरी म्हटलं. बदकांच्या थव्यात खपून जातो, पण हा बदक नाही. पाय बघा. बदकासारखा पडदा नाही, प्रत्येक बोटाला पानासारख्या वेगळ्या पाळ्या आहेत. पोहताना पाय मागं रेटला की पाळ्या उघडतात, पुढं घेताना मिटतात. उडायचं झालं तर पाण्यावर बराच वेळ धावावं लागतं. हा थापांचा आवाज त्या धावण्याचाच.

आणि हे हळदी-कुंकू बदक. चोचीचं टोक पिवळं, बुडाशी दोन लाल ठिपके. ते परदेशी पाहुणं नव्हे, बाराही महिने इथलंच.

कमळपक्षी हिवाळ्यात ओळखू येत नाही. लांब शेपूट विणीपुरतं असतं, आत्ता ते गळलेलं आहे. पावसाळ्यात मादी तरंगत्या पानांवर अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडं जाते. अंडी उबवायची नरानंच.

१९८६ साली हे अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झालं. नाशिकजवळच्या देवळालीचं नाव मिरवणारा, आता नामशेष व्हायच्या टोकाला आलेला देवळाली मिनो हा छोटा मासा या रामसर नोंदीत आहे. बिबट्याही आहे. तो उसात राहतो, आमच्या कॅमेऱ्यात आला नाही.

[पाणवेलीचा हिरवा गालिचा.]

ही हिरवळ दिसते छान. ही पाणवेल, म्हणजेच जलपर्णी, मूळची दक्षिण अमेरिकेची. देठाचा फुगा दाबून बघा, आत स्पंजासारखी पोकळी आहे, म्हणून ती तरंगते. एका रोपातून आडवा फुटवा निघतो, त्याच्या टोकाला नवं रोप. ऊब आणि खत मिळालं की दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते. खत तिला आयतं मिळतं : वरच्या शहराचं सांडपाणी आणि शेतांमधून निथळणारा युरिया. तिच्याखाली ऊन पोचत नाही, वारकऱ्याच्या खाण्यातलं पाणगवत मरतं. ती कुजली की पाण्यातला प्राणवायू जातो आणि मासे तडफडतात.

ती कापून पुढं ढकलणं हा उपाय नव्हे. तुकडे खाली जाऊन बंधाऱ्याच्या दरवाजांना अडकतात आणि त्यांना नवे फुटवे येतात. मुळासकट ओढायची, वरच्या अंगाकडून सुरुवात करायची, आणि ढीग पूररेषेच्या वर न्यायचा. काठावर ठेवलेला ढीग पहिल्या पुरात परत पाण्यात जातो. काम उन्हाळ्यात करायचं, पाहुणे पक्षी गेल्यावर आणि पावसाच्या आधी. एकदा करून भागत नाही, कारण बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं.

पावसाळ्यात दरवाजांपुढं गाळ आणि वेली दाटतात, अडलेल्या पाण्याचा फुगवटा मागं सरकतो, आणि वरच्या अंगाच्या सायखेडा-चांदोरी गावांतल्या घरांत पाणी शिरतं. गाळ काढा, ही त्या गावांची मागणी रास्त आहे. तो दरवाजांपुढचा आणि मुख्य प्रवाहातला काढावा. काठाची उथळ पट्टी आणि पाणकणसाची बेटं तशीच राहू द्यावीत.

[संध्याकाळ. मनोऱ्यावरून थवे.]

मार्चअखेर तलवार बदकं उत्तरेकडं निघतात. मागं राहतात हळदी-कुंकू आणि जांभळी पाणकोंबडी. ही बघा, एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाच्या मुठीत पाणकणसाचा कोंब धरून सोलते आहे.