हाकेला ओ

श्रोतेहो, नमस्कार.

नवरा-बायकोचे नाते कशामुळे तुटते असे कोणी विचारले, तर आपण चटकन पैसा, व्यसन, संशय, सासर-माहेर अशी मोठी कारणे सांगतो. ती खोटी नाहीत. परंतु पुष्कळ घरांत मोठे भांडण होण्याच्या कितीतरी आधी दोघांतले साधे बोलणे आटलेले असते, आणि ते केव्हा आटले हे दोघांनाही सांगता येत नाही.

अमेरिकेतील सिॲटल येथे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नेमका याचाच मागोवा घेतला. त्यांनी नवविवाहित जोडप्यांना एका सदनिकेत राहायला बोलावले आणि त्यांचा नेहमीचा दिवस कॅमेऱ्यांनी टिपला. एकाने खिडकीबाहेरची होडी दाखवली, तर दुसऱ्याने मान वर केली की नाही, इतक्या बारीक गोष्टी त्यात पाहिल्या गेल्या. सहा वर्षांनंतर ज्यांचा संसार टिकलेला आढळला, त्यांनी त्या वेळी अशा शंभरातल्या सरासरी ८६ हाकांना ओ दिलेली होती. घटस्फोट झालेल्यांनी अवघ्या ३३.

हे आकडे तिकडचे असले, तरी प्रसंग आपल्या ओळखीचा आहे. रात्री साडेआठला ती लोकलच्या गर्दीतून घरी येते, पर्स खुंटीला अडकवता अडकवता म्हणते, "अरे, आज ऑफिसात काय झालं माहितेय?" आणि तो मोबाइलवरची नजर न काढता "हं" म्हणतो. ती क्षणभर थांबते, डबा घासायला टाकते आणि कुकर लावते. कोणाचाही आवाज चढलेला नसतो. मात्र ती हकीकत आता त्याला कळत नाही, दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला कळते. तो खरोखर थकलेला असेल, तर "पाच मिनिटं दे, मग नीट ऐकतो" असे म्हणणे हीदेखील ओच आहे, फक्त पाच मिनिटांनी त्याने खरोखर ऐकायला हवे.

आभारांच्या बाबतीत तर आपण फारच हात आखडता घेतो. रिक्षावाल्याला आपण "थँक्यू" म्हणतो, आणि घरच्या माणसाचे कसले आभार मानायचे, म्हणून जोडीदारापुढे गप्प राहतो. मानसशास्त्रज्ञ सारा अल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, जोडीदाराच्या एखाद्या कृतीबद्दल कृतज्ञता वाटली की दुसऱ्या दिवशी दोघांनाही नाते अधिक जवळचे वाटते. आणि आभार मानायचे तर ते नेमके मानावेत. "तू सकाळी बाबांना दवाखान्यात नेलंस, म्हणून माझी मीटिंग चुकली नाही," या वाक्यात केलेल्या श्रमांची दखल आहे. "तू किती करतेस सगळ्यांचं," यात ती हरवून जाते.

अर्थात गोड शब्दांनी श्रम कमी होत नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार आपल्या देशात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर घरकामात भाग घेणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. म्हणून आभार मानून झाल्यावर बाह्या सरसावून रात्रीची भांडी तरी आपल्याकडे घ्यावीत, आणि तीही कोणी सांगण्याची वाट न पाहता, रोज.