सीडीतली अनुक्रमणिका आणि तिच्यावर किती विसंबावं

मंडळी, गडहिंग्लज किंवा चंदगडहून पेशंट कोल्हापुरात दाखवायला येतो, तेव्हा त्याच्या पिशवीत फिल्मबरोबर हल्ली सीडीही असते. ती उघडली की ‘डायकॉमडिर’ नावाची, एक्स्टेन्शन नसलेली एक फाइल दिसते आणि शेजारच्या फोल्डरांत ‘आयएम०००००१’ छापाची शेकडो नावं. सीटीची एक स्लाइस ५१२ बाय ५१२ पिक्सेलची असते. पिक्सेलला २ बाइट धरले तर अर्धा एमबी, आणि ३०० स्लाइसचे १५० एमबी. एवढं सगळं उपसून हवी ती सिरीज (एका तपासणीतला स्लाइसचा एक संच) शोधण्यापेक्षा डायकॉमडिर ही सीडीची अनुक्रमणिका वाचणं केव्हाही परवडतं. पण तिनं सांगितलं म्हणजे झालं, असं धरून कोड लिहिला की गडबड होते.

डायकॉमडिर हीसुद्धा डायकॉम फाइलच आहे, म्हणजे वैद्यकीय चित्रं साठवायच्या ठरलेल्या पद्धतीची. सुरुवातीला १२८ बाइटची जागा, मग ‘डी-आय-सी-एम’ ही चार अक्षरं आणि त्यापुढं माहिती. तिच्यात चित्र नसतं. तिच्याकडून पिक्सेल मागितले की एरर येतो आणि नवखा माणूस सीडीच खराब समजून बाजूला ठेवतो. आत (०००४,१२२०) या टॅगखाली, म्हणजे माहितीच्या रकान्याच्या क्रमांकाखाली, पेशंट, स्टडी, सिरीज, इमेज अशा नोंदी एकामागं एक लावलेल्या असतात. बघताना सरळ यादी वाटते. कोण कुणाच्या पोटात आहे, ते ऑफसेटवरून, म्हणजे नोंद फाइलच्या सुरुवातीपासून किती बाइटवर आहे त्या आकड्यावरून, ठरतं. (०००४,१४००) मध्ये त्याच पातळीवरच्या पुढच्या नोंदीची जागा असते, तर (०००४,१४२०) मध्ये खालच्या पातळीवरच्या पहिल्या नोंदीची. दोन्ही आकडे फाइलच्या अगदी पहिल्या बाइटपासून मोजलेले असतात. ते १२८ बाइटही त्यात आले. आकडा शून्य असेल तर पुढं काही नाही.

बरेच जण ऑफसेटच्या वाटेला न जाता यादी वरून खाली वाचतात. सिरीजची नोंद आली की पुढच्या इमेज तिच्याच, असं धरतात. बहुतेक सीड्यांवर हे खपून जातं, कारण लिहिणारी सॉफ्टवेअरं त्याच क्रमानं लिहितात. पण नियमात तशी सक्ती नाही. एखादी सीडी वेगळ्या क्रमाची निघाली, तर एका पेशंटची स्लाइस दुसऱ्याच्या नावावर जाईल आणि कोड चकार शब्द काढणार नाही.

ऑफसेट म्हणजे पेठेतल्या पत्त्यासारखे: ‘तालमीपासून सातवं घर’. मधे एक घर वाढलं की पुढचे सगळे पत्ते चुकले. म्हणून नाव लपवायचं असेल तेव्हा डायकॉमडिरमधलं पेशंटचं नाव हातानं खोडून लहान-मोठं करू नका. मूळ फाइलींतली ओळख काढा आणि अनुक्रमणिका नव्यानं बांधा. डीसीएमटीके या डायकॉमच्या साधनसंचातलं ‘डीसीएममेकडिर’ अनुक्रमणिका बांधायचं काम करतं.

आता फाइलचा पत्ता. तो (०००४,१५००) मध्ये असतो: जास्तीत जास्त ८ तुकडे, प्रत्येक तुकडा फार तर ८ अक्षरांचा, त्यात फक्त कॅपिटल अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर. तुकड्यांमधली उलटी तिरपी रेघ विंडोजच्या पाथसारखी दिसते, पण तो निव्वळ योगायोग आहे. डायकॉममध्ये अनेक किमती वेगळ्या करायची खूणच ती. पायडायकॉम या पायथन लायब्ररीत ही किंमत यादी म्हणून हाती येते. मात्र तुकडा एकच असेल तर यादीऐवजी नुसती स्ट्रिंग येते. ती तशीच फोडून पाथ जोडला की ‘आयएम०१’चं ‘आय’, त्यात ‘एम’, त्यात ‘०’, त्यात ‘१’ असं अक्षरागणिक फोल्डर तयार होतं. आधी प्रकार तपासा. आणि पाथ जोडायचा तो डायकॉमडिर ज्या फोल्डरात आहे तिथून. प्रोग्राम जिथून चालवला तिथून जोडलात तर तुमच्या मशीनवर चालेल, दुसऱ्याच्या नाही.

लिनक्सवर आणखी एक गंमत. सीडीवर जोलिएट किंवा रॉक रिज (फाइलींची मूळ नावं जपायच्या पद्धती) नसेल, तर माउंट करताना नावं आपोआप स्मॉल अक्षरांत दिसतात. अनुक्रमणिकेत कॅपिटल, डिस्कवर स्मॉल, मग फाइल सापडणार कशी? नावं जुळवताना कॅपिटल-स्मॉलचा फरक बाजूला ठेवा.

पायडायकॉमच्या ३.० आवृत्तीत जुनं डायकॉमडिर मॉड्यूल काढून टाकलंय, आता ‘फाइलसेट’ वापरायचं. ऑफसेटची वाट ते स्वतः चालतं. पण नोंद आहे आणि फाइल जागेवर नाही, असं दिसलं की ते इशारा छापून ती नोंद गाळतं. इशारे दाबून ठेवलेले असतील तर ३०० च्या जागी २८७ स्लाइस मिळाल्याचं कळतही नाही. म्हणून अनुक्रमणिकेतल्या इमेज नोंदी मोजा, प्रत्यक्ष उघडलेल्या फाइली मोजा, आणि आकडे जुळले नाहीत तर तिथंच थांबा. उघडलेल्या फाइलचा एसओपी इन्स्टन्स यूआयडी (प्रत्येक चित्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) नोंदीतल्या (०००४,१५११) शी ताडून बघा.

नोंदींचा क्रम म्हणजे स्लाइसचा क्रम, हेही धरू नका. फाइलीत लिहिलेल्या इन्स्टन्स नंबरवरही (चित्राच्या क्रमांकावरही) फार भिस्त नको. (००२०,००३७) मधून स्लाइसची दिशा घ्या, तिच्या लंबावर (००२०,००३२) मधलं स्थान टाका आणि येणाऱ्या आकड्यावर क्रम लावा. मग लगतच्या स्लाइसमधलं अंतर काढा. सगळीकडं ५ मिलिमीटर आणि मधेच एकदा १० आलं, तर एक स्लाइस हरवली आहे. या सिरीजवरून आकारमान मोजायला घेऊ नका.

अनुक्रमणिका फुटलेलीच निघाली, तर फोल्डर पिंजून काढा. प्रत्येक फाइलचे १२८ बाइट सोडून पुढची चार अक्षरं बघा, पिक्सेल न वाचता हेडर (चित्राआधीची माहिती) घ्या आणि सिरीज यूआयडीवर गट पाडा. वेळ जास्त लागतो. काही जुन्या फाइलींत ती चार अक्षरंही नसतात, त्या ‘फोर्स’ (खूण नसली तरी वाच, असं सांगणारा पर्याय) लावून वाचाव्या लागतात आणि मग यूआयडी खरंच आहे का, ते आधी बघावं लागतं.