गोरिल्ल्याच्या डोक्यावर हेल्मेट

ही गुहा लक्षात ठेवा. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधलं ब्रॉन्सन कॅन्यन. एकेकाळची दगडाची खाण, तिच्यातला हा छोटासा बोगदा. कॅमेरा जरा तिरका लावला नाही, तर पलीकडचा उजेड दिसतो. 1950च्या दशकातल्या स्वस्त विज्ञानपटांत पृथ्वीवर चालून आलेल्या कित्येक परग्रहवासीयांनी मुक्काम ठोकला तो इथंच.

त्यांतलाच हा एक. ‘रोबॉट मॉन्स्टर’, 1953. दिग्दर्शक फिल टकरला यंत्रमानव हवा होता, पण तसा सूट बनवून घेण्याइतके पैसे नव्हते. जॉर्ज बॅरोज या नटाकडे गोरिल्ल्याचा स्वतःचा सूट होता. त्याला बोलावलं, डोक्यावर अँटेनावालं हेल्मेट चढवलं. झाला यंत्रमानव! चार दिवसांत चित्रीकरण उरकलं.

आता गुहेच्या तोंडाशी बघा. एक यंत्र, आणि भोवती साबणाचे फुगे. मानवजात पुसून टाकायला निघालेल्या शक्तीचं हे तंत्रज्ञान. फुगे काढणाऱ्या मशीनचं नाव श्रेयनामावलीतही झळकतं. आणि कानावर पडतंय ते संगीत एल्मर बर्नस्टीनचं, म्हणजे पुढे ऑस्कर मिळवणाऱ्या माणसाचं. ते मात्र पूर्ण गंभीर. नुसत्या फुग्यांना कोण हसेल? हसू येतं ते या गांभीर्यामुळे.

अशा सिनेमांत कोसळणाऱ्या इमारती खोक्यांसारख्या का वाटतात, याचा हिशेब सरळ आहे. पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. मूळ इमारतीच्या एक सोळांश उंचीची प्रतिकृती चौपट लवकर कोसळते. पडद्यावर ती खऱ्या इमारतीसारखी सावकाश पडावी, तर सेकंदाला 24 ऐवजी 96 फ्रेम घ्यायला हव्यात. म्हणजे फिल्म चौपट. शिवाय प्रत्येक फ्रेमला उजेड मिळतो पाव वेळ, म्हणून प्रकाशही चौपट. दिवे वाढवायचे नसतील तर लेन्स जास्त उघडा. मग पुढची खिडकी स्पष्ट, मागची धूसर, आणि खेळणं उघडं पडतं. पाण्याचं तर काहीच करता येत नाही. थेंब प्रतिकृतीच्या मापाने लहान होत नाहीत.

बर्ट गॉर्डनने 1957च्या ‘बिगिनिंग ऑफ द एंड’मध्ये प्रतिकृतींचा खर्चही टाळला. शिकागोच्या इमारतींच्या छायाचित्रांवर त्याने खरे नाकतोडे सोडले. हा बघा, भिंतीवरून चढतोय. भिंत संपली. तो थांबत नाही; सरळ आकाशावर पाय ठेवतो. त्याच्या लेखी सगळा एकच कागद.

1959च्या ‘द किलर श्रूज’मध्ये महाकाय चिचुंद्र्या म्हणून कुत्रेच पळवलेत. अंगावर केसाळ पांघरूण घातलंय, पण कुत्र्याची चाल काही लपत नाही.

अतिरेकी, कृत्रिम गोष्टींत जी गंमत वाटते तिला ‘कॅम्प’ म्हणतात. अमेरिकन लेखिका सुझन सोनटॅगने 1964च्या निबंधात भाबडा कॅम्प आणि ठरवून केलेला कॅम्प यांत फरक केला होता. इथे तो लगेच पटतो. मुद्दाम वाईट बनवलेला राक्षस दहा मिनिटांत कंटाळा आणतो, कारण चूक आधीच ठरलेली असते. नाकतोड्याला कुणी काही ठरवून दिलेलं नव्हतं.

आता पुन्हा त्या गुहेकडे. 1956, रॉजर कॉर्मनचा ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’. राक्षस शुक्रावरचा. तिथलं गुरुत्वाकर्षण प्रचंड, म्हणून तो बुटका आणि बसका, अशी कल्पना. खरं तर शुक्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीपेक्षा थोडं कमीच आहे, पण ते असो. गुहेच्या अंधारात असेपर्यंत त्याचा जरा तरी वचक होता. शेवटच्या झटापटीत त्याला लख्ख उन्हात आणलं. आत बसून तो हलवत होता पॉल ब्लेझडेल. राक्षस बनवलाही त्यानेच होता.