कुळथाच्या अर्काचा एक थेंब

श्रोतेहो, नमस्कार. कुळथाची पिठी आपल्याकडे कुणाला शिकवायला नको. पण हाच कुळीथ रक्तपेढीत रक्ताचा गट ओळखायला वापरतात, हे ठाऊक आहे? कुळीथ, बरं का. आपला पिठीचा कुळीथ.

शास्त्र थोडक्यात सांगते. बऱ्याच बियांमध्ये लेक्टिन नावाची प्रथिनं असतात. ती साखरेच्या ठरावीक रेणूंना पकडतात. आपल्या तांबड्या पेशींवरही अशा साखरेच्या साखळ्या असतात. लेक्टिन एकाच वेळी शेजारशेजारच्या पेशी पकडतं, की पेशींची गुठळी झालीच. 1888 साली श्टिलमार्क यांना हे एरंडाच्या बियांत दिसलं. कुळथाचा गुण 1951 साली जॉर्ज बर्ड यांनी आपल्या भारतातच दाखवला. ए गटात ए-वन आणि ए-टू असे पोटगट आहेत. कुळथाच्या अर्काने ए-वनच्या गुठळ्या होतात, ए-टूच्या नाही.

आता खरी गंमत. सिंधुदुर्गातल्या एका रक्तपेढीत ओळखीच्या तंत्रज्ञ बाईंकडे बसले होते. एका रुग्णाच्या गटाचा मेळ बसेना. बाईंनी पांढऱ्या टाइलवर रक्ताचा थेंब घेतला, बाटलीतला एक थेंब त्यात सोडला. रुग्णाचे वडील खिडकीतून बघत होते.

“ह्या काय, बाये?”

“कुळथाचो अर्क, आजोबा.”

“कुळीथ? मी जन्मभर पिठी खातंय. माजा रगात कसा नाय गोठला?”

“तुमी कच्ची खातास काय?”

“कच्ची कोण खाताला!” आणि आजोबांनी तिथेच कुळीथ भाजण्या-भरडण्यापासून सोलं टाकण्यापर्यंत सगळी पाककृती ऐकवली. सोलंच! पिठीत चिंच घालणाऱ्यांशी माझं जमत नाही, असो. बाई टाइल हलकेच कलवत होत्या. थेंब तसाच एकसंध लाल. गुठळी नाही.

“ए-टू,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे आमचो झील ए-वन नाय? मास्तर पण ह्याच सांगी होते!”

आजोबांचा प्रश्न मात्र चोख होता. भाजून, उकळून कुळथाचं लेक्टिन निकामी होतं. फणसाच्या आठळ्यांतही एक लेक्टिन असतं, जॅकलिन. आपल्या शरीरातली आयजीए प्रतिपिंडं वेगळी काढायला प्रयोगशाळेत ते वापरतात. आठळ्याही आपण उकडूनच खातो.

जपायचं ते राजम्यातल्या लेक्टिनला. हल्ली आपल्याकडे लग्नातही राजमा करतात, का ते देव जाणे. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, आणि नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळा. खळखळून. नुसता मंद आचेवर ठेवलेला, अर्धकच्चा राजमा खाल्लात, तर उलट्या-जुलाबांनी रात्र काढावी लागेल.