शेजारी बसायला जागा

(दृश्य: सोलापूरच्या पूर्व भागातली गल्ली. ओट्यावर चौघीजणी, प्रत्येकीच्या मांडीवर सूप.)

पत्र्याचा साचा ठेवायचा, तेंदूचं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे हात थांबत नाहीत. तोंडंही थांबत नाहीत. एकीनं तेलुगूत काढलेला विषय मराठीत येतो, पलीकडची अक्का त्यात कन्नडमधून भर घालते. पोराची फी, नवऱ्याची दारू, रात्रभर न लागलेली झोप. ‘मन मोकळं कर’ म्हणून समोर बसवलं असतं, तर यातली एकही बोलली नसती. नजर पानावर असते, म्हणून जड गोष्टही सहज सांगून होते.

(दृश्य: जुन्या गिरणीचा परिसर.)

१८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून हे शहर भोंग्यावर चाललं. पाळी सुटली की हजारो माणसं एकाच वेळी रस्त्यावर यायची. घरी पोचेपर्यंत बोलणं व्हायचंच. पुढे एकेक गिरणी बंद पडली. राहिले यंत्रमाग, आणि त्यांच्या खडखडाटात शेजारच्याला हाकसुद्धा ऐकू जात नाही. शिकलेली मुलं पुण्याला गेली. आई-वडील व्हिडिओ कॉलवर नातवंडं बघतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं २०२५ मध्ये सांगितलं, की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो. दरवर्षी अंदाजे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे.

झिम्बाब्वेतल्या हरारे शहरात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून नैराश्यावर एक मार्ग काढला. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक ठेवला आणि वस्तीतल्याच आज्यांना ऐकून घ्यायचं शिक्षण दिलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं, की बाकावर येऊन बोललेल्यांचं नैराश्य खरोखर कमी झालं होतं. अशा आज्या आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत.

(दृश्य: सोलापूरजवळचं कुंभारी. एकसारख्या इमारतींच्या रांगा.)

अक्कलकोट रस्त्यावरचं हे रे नगर. असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची वसाहत. पहिली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना मिळाली. पत्र्याच्या खोलीतून पक्क्या घरात येणं केवढं मोठं आहे, हे त्या खोलीत उन्हाळा काढलेल्यालाच कळेल. पण जुन्या गल्लीतल्या चौघी आता चार इमारतींत विखुरल्या तर? दार लावलं की पलीकडे कोण राहतं, तेही माहीत नाही.

विडीचं गुणगान आम्हाला करायचं नाही. तंबाखूची धूळ छातीत जाते, बोटं झिजतात. मुली या कामात उतरत नाहीत, हे चांगलंच आहे. मात्र आईला ओट्यावर जे मिळालं, ते मुलीला कुठे मिळणार?

त्यासाठी काम लागेल, सोबत करता येईल असं. बचत गटाच्या बायका कडक भाकऱ्या थापतात, शेंगा चटणी कुटतात, शिलाई करतात. हे सगळं आपापल्या स्वयंपाकघरात कोंडून का करायचं? दर काही इमारतींमागे एक खोली द्या. पंखा, पाणी, चूल आणि बसायला चटया. वेळ ठरलेली असू द्या, म्हणजे बोलावणं धाडावं लागणार नाही. पहिल्या आठवड्यात नुसत्या भाकऱ्याच होतील. ओळख व्हायला तेवढा वेळ द्यायला हवा.